निळं दार, पांढरा झब्बा
रॉकेलचा वास आला की मला ताईच्या लग्नातला भाऊजींचा पांढरा झब्बा आठवतो. आमचा जिल्हा तेव्हा आंध्रात होता आणि बाबा इचोड्याला मास्तर होते. नवरदेवाला मांडवात आणायला त्यांनी आपली जुनी निळी कार काढली, पण तिचं एक दार गंजलेलं होतं. बाबांनी अंगणातच ते घासलं, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली आणि बुद्धविहाराच्या फाटकाचा उरलेला निळा ऑइलपेंट ब्रशनं मारला. "टर्पेंटाइन काऊन आणाचं? रॉकेल हाय ना घरात," म्हणत त्यांनी रंगात रॉकेल ओतलं. उन्हात ठेवूनही दार चिकटच राहिलं. आमच्यात नवरदेव पांढऱ्या कपड्यांत असतो. तो गाडीतून उतरला तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत निळा पट्टा उमटला होता. मांडवात हशा पिकला. बाबा रॉकेलचं फडकं घेऊन त्याच्यामागे वाकून पुसत राहिले, आणि डाग पसरतच गेला. "राहू द्या ना मामाजी, निळाच तं हाय," तो बाबांना हळूच म्हणाला. त्रिशरण सुरू झालं तरी वास जाईना. मी मान वर केली नाही. भाऊजींनी तो झब्बा जपून ठेवला होता, हे मला परवा कळलं. बाबा होते तोवर भाऊजींनी तो पेटीतून एकदाही बाहेर काढला नाही.