व्याह्यांची मासेबंदी

आमच्या व्याह्यांइतकं माशांवर प्रेम करणारं आणि तितक्याच प्रेमानं त्यांना तळून खाणारं माणूस मी तरी जन्मात दुसरं पाहिलं नाही. माझ्या लेकीचे हे सासरे रत्नागिरीचे, सगळी नोकरी सरकारच्या मत्स्य खात्यात. नातीच्या जन्मासाठी आम्ही दोघं लेकीकडे, डच मुलखात मास्ट्रिख्टला गेलो, बारसं झालं आणि करोनानं विमानं बंद पाडली. आमच्या दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले, त्यामुळे परत जायची ओढही बेताचीच. पण मी वरणभातवाली, ते सुरमईवाले आणि स्वयंपाकघर एकच, आता बोला. ते तव्यावर मासा टाकायचे आणि मी नाक मुरडून खिडकी उघडायची, हा रोजचा कार्यक्रम.

शुक्रवारच्या बाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. माशाला हात लावायला बंदी, म्हणून दीड मीटरवर उभे राहून ते विक्रेत्याला हुकूम सोडायचे, आधी डोळा दाखवा, आता कल्ला उचला. तो बिचारा एकेक मासा ओळख परेडीला उभा केल्यासारखा धरायचा आणि मागे रांग पार कोपऱ्यापर्यंत. गुलाबी साल्मनकडे मात्र ते ढुंकून बघत नसत. म्हणायचे, हा पिंजऱ्यात चारून वाढवलेला. खरा साल्मन समुद्रातून नदीत चढतो, जन्मगावी अंडी घालायला.

तो खरा साल्मन गावातून वाहणाऱ्या मास नदीतून कधीच नाहीसा झालाय, हे त्यांना शेजारच्या हेंककडून कळलं. हेंक सत्तरीचा, गळ टाकून बसणारा. नदीच्या बंधाऱ्याला माशांना चढायला पाण्याचा जिना केलाय, त्याच्या पायथ्याशी हेंकच्या दोन घडीच्या खुर्च्या. एक त्याची, एक वारलेल्या बायकोची. तीही तो रोज उघडून ठेवायचा. आता झालं असं, की निसर्गवाल्या मंडळींनी नदीत साल्मनची पिल्लं सोडलेली, ती मोठी होऊन परततील म्हणून सगळे डोळे लावून बसलेले. त्यांचं म्हणणं, गळवाल्यांनी तो काठ कायमचा सोडावा. गळवाले म्हणत, चुकून लागलेला साल्मन आम्ही सोडून देतो, पिल्लं मरतात ती बंधाऱ्यावरच्या वीज काढणाऱ्या चक्क्यांत. चक्कीवाले म्हणत, आधी गळवाल्यांना उठवा. आणि हेंक नुसता त्या दुसऱ्या खुर्चीकडे बघत होता.

संगणकावर सभा झाली. जावयानं वडिलांना नुसतं ऐकायला बसवलं होतं. व्याह्यांनी पाचव्या मिनिटाला तालुक्याची सुनावणीच सुरू केली. हरकतदारानं आधी नाव सांगायचं, मग हरकत, दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. आणि ती शिस्तीची डच माणसं मुकाट्यानं नावं सांगायला लागली हो. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर हे म्हणाले, "आमच्याकडे पावसाळ्यात होड्या बंद. सख्ख्या भावाची होडी धरलीय मी. पण नारळी पौर्णिमेला समुद्र पुन्हा आपला, हे कोळ्याला माहीत असतं, म्हणून शिव्या देत का होईना, पाळतो. बंदी कधी उठणार ते आधी सांगा."

मग त्यांनी तोड काढली. शरदात साल्मन चढतो, ते तीन महिने गळ बंद. वसंतात पिल्लं समुद्राकडे उतरतात, तेव्हा चक्क्या बंद. आणि जिन्यावरच्या माशांची मोजणी गळवाल्यांनीच करायची. निसर्गवाल्या बाई पक्क्या होत्या. त्यांनी विचारलं, आणि तुम्ही काय सोडणार?

व्याह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "मासे. जिन्यावर पहिला साल्मन चढेपर्यंत."

मी मागे नातीला मांडीवर घेऊन बसले होते, मला ठसकाच लागला.

एक वर्ष करून बघू, असं ठरलं. त्या शरदात रोज सकाळी हे आणि हेंक एक गळाची काठी अंतर ठेवून जिन्यावरचा पिंजरा वर घेत, आत सापडलेले मासे मोजत आणि सोडून देत. सापासारखी वाम आली, बारीकसारीक बरंच आलं, साल्मन शून्य. घरी येऊन निमूट माझं पिठलं खायचे. शुक्रवारी मात्र बाजारात जायचेच, तीन माशांचे डोळे बघायचे आणि पालक घेऊन यायचे.

तीन महिने सरले. व्याह्यांनी कुठूनसा नारळ पैदा केला, मास नदीला वाहिला. हेंकनं टोपी काढली, मग दोन्ही खुर्च्या उघडल्या, दीड मीटर मोजून ठेवल्या, आणि बायकोच्या खुर्चीकडे बोट करून ह्यांना म्हणाला, बसा.

विमानं सुरू झाली, मी पुण्याला आले, ते रत्नागिरीला. गल्लीत घरोघर मासे तळताहेत आणि हा माणूस आमटीभात जेवतोय, असं त्यांची सूनबाई म्हणजे माझी लेक मास्ट्रिख्टहून सांगायची. मी त्यांना फोनवर म्हटलंसुद्धा, सोडा आता, कोण बघतंय. तर म्हणाले, हेंक रोज पिंजरा उचलतोय ना.

पुढच्या शरदात एका दुपारी त्यांचा फोन आला. "विहीणबाई, एक." हेंकनं फोटो पाठवला होता, साल्मन हातभर लांब, चंदेरी. फोटो काढून लगेच बंधाऱ्याच्या वर सोडला म्हणे.

मी विचारलं, मग आज सुरमई?

"आणली. डोळा बघून आणली." मग म्हणाले, "पण समोर नाक मुरडायला कुणी नाही. मजा नाही आली."

मी फोन ठेवला आणि उगाचच स्वयंपाकघराची खिडकी उघडली.