आत्यानं चाखलेली वाळकं

आमच्या आत्यानं न चाखलेलं वाळूक कधी कुणाच्या हाती दिलं नाही. पाहुणा असो की वाटसरू, ती आधी देठाकडचा तुकडा कापायची, स्वतः चावायची आणि मगच उरलेलं फळ पुढं करायची. "कडू निंगालं तर माणूस वायकाले नाही, आपल्याले नावं ठेवते," म्हणायची.

मेडशीला तिचं शेत. तुरीच्या ओळींत वाळकाचे वेल सोडलेले. दिसायला काकडीच, पण पिकलं की पिवळं पडून आपोआप तडकणारं. मग सगळा बांध घमघमायचा. बी सासूकडून आलेलं. विकतचं तिनं कधी पेरलं नाही. गोड निघालेल्या फळाचंच बी ती राखेत घोळून ठेवायची. "हे बी डोयानं नाही, जिभेनं निवडा लागते."

एका पावसाळ्यात आत्याला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. सून शीलानं ठेचा केला, लोणचं वाढलं. आत्या ताट सरकवायची. "माती खाऊन राह्यली वो मी." हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. शेतात वाळकं तडकून सडत होती आणि बी काही निवडलं जात नव्हतं. मी चाखते, असं शीला म्हणाली, तर आत्या म्हणे, "तू चाखून मले काय समजते?"

दिवाळीला मी कारंज्याहून एसटीनं मेडशीला गेलो. दुपारी आम्ही तिघं शेतात बसलो होतो. शीलानं वेलावर उरलेलं एक वाळूक कापलं. आत्यानं निव्वळ सवयीनं देठाचा तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि तोंड वेडंवाकडं करत थुंकली.

"थू! जहर हाय हे, जहर!"

शीला रडायलाच लागली.

"काहून रडून राह्यली? खाल्लं तर मी!"

"आत्याबाई, तुमाले कडू लागलं!"

मग तोच तुकडा उचलून, पदराला पुसून, आत्यानं खात्रीसाठी पुन्हा चावला. पुन्हा थुंकली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तो वेल तिनं तिथल्या तिथं उपटला. संध्याकाळपर्यंत शेतातली उरलीसुरली वाळकं चाखून बी काढून झालं होतं.

मागच्या उन्हाळ्यात आत्या झोपेतच गेली. आदल्या रात्री वरणात मीठ जास्त झालं म्हणून ती शीलावर चांगलीच करवादली होती. शीलाला त्याचं वाईट वाटत नाही.

"रागावल्या," ती सांगते, "पण दोन भाकरी खाल्ल्या."