आमच्या दारात अडकलेली पाटी

अठरा वर्षांपूर्वी पुण्याहून निघाले, तेव्हा आई विमानतळावर आली नाही. "काचेपलीकडून हात हलवायला मुंबईपर्यंत कशाला यायचं? तो मी इथूनही हलवू शकते," म्हणाली आणि सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिली. टॅक्सी सुटताना तिनं एकच सांगितलं, "पोचलीस की कळव." मी मंडईत निघाले तरी ती हेच म्हणायची, त्यामुळे मी काही ते मनावर घेतलं नाही. जपानमध्ये त्सुकुबाला आले, बॅगा उघडल्या, गॅस कसा पेटतो ते शोधलं आणि तिसऱ्या दिवशी फोन केला. आई शांतपणे म्हणाली, "पोचलीस होय? मला वाटलं, विमान अजून वरच आहे."

त्यानंतर एकदाही चुकले नाही. कुठूनही कुठेही गेले की आईला मेसेज, "पोचले." उत्तरात अंगठा. चष्मा नसला तर दोन अंगठे.

आलो होतो दोनच वर्षांसाठी. नवऱ्याच्या संशोधनाची मुदत वाढत गेली, पुढे कायमची नोकरी झाली, मुलगी झाली. ती "जेवलीस का?" याचं उत्तर जपानीत देते आणि मला ते कळतं, हीच आमच्या घरातली प्रगती. पुण्यात ओला कचरा, सुका कचरा म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी मी, इथे बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं आणि बाटली धुऊन वेगळी करते. वर नवीन आलेल्या मराठी मुलींना शिकवतेसुद्धा. वाया गेलेली बाई सुधारते ती अशी.

आमच्या गल्लीत एक पाटी फिरते. म्हणजे एक क्लिपबोर्ड. त्याला मोहल्ला मंडळाची पत्रकं लावलेली असतात, गवत काढायचा रविवार कधी, भूकंपाची कवायत कधी, कोणाची मांजर हरवली. वाचायचं, आपल्या घराच्या चौकोनात नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. आमच्यानंतर साइतो-सानचं, म्हणजे साइतोबाईंचं घर. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात, कुंड्यांवर जीव.

आई एकदा तीन महिने राहून गेली, तेव्हा पाटी नेण्याचं काम तिनं माझ्याकडून काढूनच घेतलं. नऊ पावलांवरचं घर, पण ही साडीवर माझे स्पोर्ट्स शूज घालून निघायची आणि तासाभरानं यायची. तिला जपानी येत नव्हतं, साइतो-सानना मराठी.

"एवढं काय बोलत होतात गं?"

"तुला काय करायचंय? आमचं आमचं."

गेल्या महिन्यात एका सकाळी सात वाजता दादाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. मी "हो" म्हटलं, "निघते" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी प्लॅस्टिकचा कचरा न्यायला गाडी येणार होती. मी सिंकपाशी उभी राहून बाटल्या धुतल्या, सगळी लेबलं सोलली, पिशवी कोपऱ्यावर ठेवली, कावळ्यांनी फाडू नये म्हणून वरची जाळी नीट केली. मग तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा सगळं उरकलं होतं. लोक येत होते, गळ्यात पडत होते, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. तेरा दिवस चादरींच्या घड्या घातल्या, चहाचे कप विसळले, वहिनीच्या मसाल्यांच्या डब्यांना नावं चिकटवली. डोळे कोरडे. बाराव्या दिवशी तो बाटल्यांचा किस्सा मी वहिनीला सांगितला, माझीच गंमत म्हणून. वहिनी हसली नाही. दादा दारात उभा होता.

"आई गेल्याचं कळल्यावर लेबलं सोलत बसलीस? तुला काही वाटतं का गं? पार जपानी झालीस."

मी पुढच्या डब्याला नाव चिकटवलं. खरं सांगायचं तर राग आला असता तरी बरं वाटलं असतं. तोही आला नाही.

परत आले. स्टेशनाबाहेर सवयीनं फोन काढला, "पोचले" असं टाइप केलं. पाठवायला वर आईचंच नाव होतं. दादाला पाठवता आलं असतं, पण त्या प्रश्नानंतर बोट त्याच्या नावावर जाईना. फोन परत पर्समध्ये टाकला.

घरात शिरताना बॅग ठेवली ती चपलांच्या कपाटावर. तिच्याखाली पाटी होती. मी पुण्यात असताना आली होती. नवरा माझ्याबरोबर येऊन चार दिवसांत कामावर परतला होता. त्यानं ती घेऊन तिथे ठेवली आणि ती पुढे न्यायची असते, हे त्या शास्त्रज्ञाला अठरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बॅग मी आठवडाभर उघडली नाही. पाटी तशीच खाली.

आणि मग बेल वाजली. दारात साइतो-सान. अठरा वर्षांत पहिल्यांदा पाटी आमच्याकडे अडकली होती. मी वाकून वाकून माफी मागायला लागले. त्यांनी हातानंच थांबवलं.

"पाटी थांबली की समजायचं, त्या घरात काहीतरी झालंय. माझे यजमान गेले, तेव्हा माझ्याकडे थांबली होती. जोशी-सान, काय झालं?"

मी सांगितलं. अगदी शुद्ध जपानीत. आईसाठीचा आदरार्थी शब्द बरोबर आला की नाही, तेही मनात तपासून घेतलं. कोणी ट्रेन उशिरा आल्याचं सांगावं तसं. साइतो-साननी कपाटाखालच्या माझ्या स्पोर्ट्स शूजकडे बघितलं.

मग जरा रागावूनच म्हणाल्या, "पण परत पोचलात, ते कळवायचं नाही का?"

मी एक पाय चपलेत आणि एक बाहेर, तशीच पायरीवर बसले. रडले वगैरे नाही. त्या शेजारी बसल्या. त्यांनी पाटी मांडीवर घेतली. पत्रकातला फुलझाडं लावायचा रविवार कधीच होऊन गेला होता. तरी मी आमच्या चौकोनात शिक्का मारला, त्यांनी खिशातून आपला काढून त्यांच्या चौकोनात मारला आणि पुढच्या घरी आम्ही दोघी मिळून गेलो.

दोन दिवस क्योतोला जाऊन काल परतले. कुलूप उघडण्याआधी साइतो-सानची बेल दाबली. आतून टीव्हीचा आवाज कमी झाला. मी मराठीतच म्हटलं, "पोचले." त्यांना कळलं. एवढं तर आईनं शिकवलंच असणार.

घर कुठे, पुणे की त्सुकुबा, हा प्रश्न इथल्या प्रत्येक पार्टीत निघतो आणि भजी संपली की संपतो. माझ्यापुरतं मी आता ठरवलंय. जिथे आपण पोचलो नाही तर कोणीतरी बेल वाजवतं, ते घर.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दादा, अजून माझ्याकडे नाही. काही वाटायला लागलं की आधी तुलाच सांगेन. तोवर एवढंच, महिनाभर उशिरा.

पोचले.