बाबांचे डब्बे मी मिसळले

बाबांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. गोंधळ मी केला होता.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. फोटो टाकून हात जोडायचा माझा स्वभाव नाही. पण आमच्या गावात, घुग्घुसमध्ये एक गोष्ट चुकीची पसरली आहे, ती दुरुस्त करायची आहे म्हणून लिहून राह्यले.

बाबा कोळसा खाणीत फिटर होते. रिटायर झाल्यावर घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये वर्कशॉप टाकलं. फवारणीचे पंप, शिफ्टवाल्यांच्या मोटरसायकली, कोणाचा कूलर, कोणाचा मिक्सर. सगळे त्यांना फिटरभाऊ म्हणत.

आणि शेडभर डब्बे.

तेलाचे, बिस्किटाचे, जर्द्याचे. एक तर माझा शाळेचा टिफिन. सगळ्यात नटबोल्ट, वायसर, स्क्रू. वरून खाणीची काळी धूळ.

मी पुण्यात एका वेअरहाऊसमध्ये स्टॉक सांभाळते. वस्तू जागेवर नसली की माझं टाळकं सटकतं.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीत मी घरी आले होते. आई-बाबा मोहर्लीला मावसभावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेले. तीन दिवस घरी मी एकटीच.

प्लास्टिकच्या ड्रॉवरचा एक रॅक मी आधीच ऑनलाइन मागवून ठेवला होता. सगळे डब्बे ताडपत्रीवर ओतले. सगळे म्हणजे सगळे. मग साइजप्रमाणे वेगळे केले, रॉकेलनं पुसले, प्रत्येक ड्रॉवरला लेबल लावलं. रिकामे डब्बे भंगारवाल्याला दिले.

बिफोर-आफ्टरचे फोटो याच प्रोफाइलवर टाकले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलं. ‘अशी मुलगी सगळ्यांना मिळो’ अशीही कमेंट होती.

बाबा परत आले. खांद्यावरची पिशवी न उतरवता शेडच्या दारात उभे राहिले.

“डब्बे कुठी गेले?”

“भंगारात दिले.”

त्यांनी रॅकचा एक ड्रॉवर ओढून बघितला, परत लावला. मग म्हणाले, “मस्त केलं वं बाई. साफ झालं.”

मी खूश. दुसऱ्या दिवशी गाडी पकडून पुण्याला गेले.

नंतर फोनवर विचारायची, “काय चाललंय बाबा?”

“काई नाई. करून राह्यलो थोडं थोडं.”

आवाजात काही वेगळं नव्हतं. मला तरी वाटलं नाही.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी ते शेडमध्ये स्टुलावर बसल्या बसल्या गेले. हार्ट अटॅक. आई चहाचा कप न्यायला गेली, तेव्हा कळलं.

तेरवीला मी पाहुण्यांना चहा देत होते. ओट्यावर सुधाकर भाऊ बसले होते. आमच्या मागच्या गल्लीतले, बाबांकडे नेहमी पंप आणणारे. शेजारच्याला सांगत होते.

“शेवटी शेवटी फिटरभाऊले विसर पडे. माहा पंप खोलून ठेवला न् दोन महिने परत जोडलाच नाई. मले सोताच म्हणे, ‘सुधाकर, डोकं नाई चालून राह्यलं आता. सारं माह्याच हातून मिसळलं.’ मंग लोकायनं काम देनं बंद केलं. काऊन देईन कोणी?”

माझ्या हातात ट्रे होता. तो मी शेवटच्या माणसापर्यंत नेला, मग आत गेले.

आईला विचारलं. ती कणीक मळत होती, वर बघितलं नाही.

“तुले सांगाचं नाई म्हणून बजावलं होतं त्याइनं. पोरीनं मायेनं केलं म्हणे.”

मग तिनं सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. फिटरची मुलगी असून.

बाबांचा एक डब्बा म्हणजे एक मशीन. जी खोलली, तिचे नटबोल्ट तिच्याच डब्यात. जुना नट आणि जुना बोल्ट एकमेकांसोबत घासलेले असतात, दुसऱ्यासोबत नीट बसत नाहीत. साइज एक असली तरी. वरून पसारा दिसायचा, पण कोणता डब्बा कोणाचा ते त्यांना न बघता सांगता यायचं.

मी एका दुपारी नऊ-दहा लोकांच्या मशीन एकत्र ओतल्या होत्या. त्यात आईची शिलाई मशीनसुद्धा. ऐन लग्नसराईत ब्लाउज शिवायला आई शेजारच्या बाईंकडे जायची.

त्या दिवशी संध्याकाळी मी रॅक उघडून बघितला.

माझं एकही लेबल बाबांनी काढलं नव्हतं. पण आत जुळलेले नटबोल्ट बारीक तारेनं बांधलेले, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं नाव. सुधाकर पंप. कूलर, मास्तर. एकेक नट बोटानं फिरवून बघत, जोडी लावत बसले होते ते. चार-पाच महिने. मालकांनी अर्ध्या मशीन तशाच खोललेल्या उचलून नेल्या होत्या.

मला रडू आलं नाही. लाज वाटली. अजून वाटते.

आईच्या मशीनची चिठ्ठी सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये होती. त्यावर लिहिलं होतं, ‘चार बाकी.’

या आठवड्यात सुट्टी काढून आले. शेडमध्ये त्याच स्टुलावर बसून एकेक स्क्रू आईच्या मशीनमध्ये फिरवून बघितला. बोटानं गेला तर तिचा, पेचकस लावावा लागला तर दुसऱ्याचा. आईनं सांगितलेली बाबांची पद्धत.

सहा दिवसांत तीन सापडले. चौथा नाही सापडला.

“राहू दे,” आई म्हणाली, “चालते इतक्यावर.” आज सकाळपासून ती शिवत बसली आहे. आवाज येतो थोडा.

ते बिफोर-आफ्टरचे फोटो काढून टाकणार होते. पण राहू देते. त्याच्याखाली ही पोस्ट जोडते.

सुधाकर भाऊ फेसबुकवर नाहीत. कोणाला भेटले तर त्यांना एवढं वाचून दाखवा: बाबा काही विसरले नव्हते. ते तुमच्याशी खोटं बोलले, माझ्यासाठी.

बाबा, सांगितलं मी सगळ्यांना.

नमस्कार करते.