दोऱ्याचं टोक

समोरच्या सुमनताई नातवासाठी मशीनवर गोधडी शिवत होत्या. वरचं कापड त्यांच्या आईच्या लुगड्याचं. आई नातवाच्या जन्माआधीच गेली.

शिवणीची ओळ संपली की दोरा कापायचा, एवढंच मला ठाऊक. ताईंनी दोरे लांब ठेवले, खालचा वर ओढून दोन्हींची गाठ मारली आणि हातशिलाईच्या सुईत ओवले. सुई थरांच्या मधून बोटभर पुढे नेऊन बाहेर काढली. दोरा जरा ताणून कापला, तसं टोक सुळकन आत गेलं.

"एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं.

"नुसता कापला तर शिवण उसवते. लोंबता ठेवला तर बाळाच्या बोटात अडकतो."

मी तिथे बोट फिरवलं. काहीच लागेना. मला नवल वाटलं. सुरुवात कुठली नि शेवट कुठला, काही कळत नव्हतं. गोधडीच्या पोटात मात्र अशी कितीतरी टोकं निजलेली असणार.

"आता ते कुणाला सापडायचं नाही," मी म्हणालो.

ताईंनी लुगड्याच्या फिक्या काठावरून हात फिरवला.

"सापडायला कशाला हवं? धरून ठेवलंय ना त्यानं."