अर्धे हिरवे, अर्धे तपकिरी

आमच्या हॉलमध्ये काचेचं एक कपाट आहे. त्यात बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक उभे आहेत — भालेवाले, धनुष्यवाले, पंख पसरलेला एक ड्रॅगन, आणि सगळ्यात वरच्या फळीवर राक्षस. घरी आलेला माणूस विचारतोच, आणि मीही खुशीत येऊन सांगत सुटतो. ब्रशला केस किती, बुबुळ कसं काढायचं, एकेकाला किती दिवस लागतात. वरच्या फळीवरचे राक्षस माझ्या मित्राचे, भूषणचे, हेही सांगतो. पण ते माझ्याकडे कसे, असं कुणी विचारलं की "त्याला हल्ली वेळ मिळत नाही" एवढं बोलून मी चहाचं बघायला आत जातो. बायकोलाही हेच सांगून ठेवलंय. खरं काय ते या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — दुसरं काय.

आधी हा खेळ काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल बाहुल्यांचं काय एवढं. आमच्या वडिलांना अजून तसंच वाटतं. दोघं समोरासमोर बसतात, टेबलावर आपापलं सैन्य मांडतात, टेपने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवतात, फासे टाकून मारामारी करतात. सैनिक येतात ते करड्या प्लास्टिकचे, सुटे-सुटे. चिकटवायचे आपण, रंगवायचे आपण. आणि खरं सांगू? खेळणं हे निमित्त असतं. आपलं सैन्य टेबलावर मांडल्यावर समोरचा क्षणभर गप्प होतो, त्या क्षणासाठी सगळी धडपड. मी त्या क्षणाचा भुकेला होतो. अजूनही आहे.

भूषण एरंडोलचा. जळगावला पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीत लागलो — लोकांच्या मालातले दोष काढायचा मला पगार मिळतो, हे ध्यानात ठेवा — आणि तो रेल्वेच्या परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसू लागला. रविवारी दुपारी माझ्या खोलीवर यायचा. हा नाद त्याला मीच लावला. सहा महिन्यांत तो माझ्या पुढे गेला.

त्याचा हात — काय सांगू तुम्हाला. माझे चार रविवार जात, तिथे त्याचा एक. ढालीच्या कडेवर केसाएवढी रेघ ओढायचा तेव्हा श्वास रोखायचासुद्धा नाही, गप्पा मारत ओढायचा. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी मात्र व्हिडिओ बघून, वहीत लिहून घेऊन, पुसून, पुन्हा करून शिकलो होतो. मी त्याला "भारी" म्हणायचो आणि आतल्या आत जळायचो. मत्सर हा शब्द मी स्वतःपाशीसुद्धा कधी वापरला नाही. वापरायला हवा होता का? त्याने काही फरक पडला असता?

रंग महाग, म्हणून एक बाटली घेऊन आम्ही ती दोघांत वाटायचो. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत त्याचा वाटा भरून, वर कागद चिकटवून, रंगाचं नाव मी लिहून द्यायचो. एकदा त्याच्या डब्यात पाणी सांडलं आणि चिठ्ठ्या निघून गेल्या. त्या आठवड्यात तो राक्षसांची टोळी रंगवत होता. बारा राक्षस, अंगाचा रंग हिरवा ठरलेला. रविवारी त्याने ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि म्हणाला, "नित्या, कसे झाले रे?"

सात हिरवे होते. पाच तपकिरी.

सुंदर होते, पाचही. गालफडाखालची सावली, दंडावरचा उजेड — सगळं जागच्या जागी. फक्त तपकिरी. मी त्याच्याकडे बघितलं. गंमत करतोय का? नाही, तो कौतुकाची वाट बघत होता. त्याला बाराही सारखेच दिसत होते.

इथे मी काय करायला हवं होतं, ते शेंबड्या पोरालाही कळेल. मी काय केलं? "मस्त झालेत," म्हणालो. आणि पुढच्या रविवारी मी त्याची परीक्षा घेतली. चिठ्ठी नसलेल्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या आणि सहज म्हणालो, "तो हिरवा दे रे जरा." त्याने तपकिरी दिला. थोड्या वेळाने पुन्हा मागितला. पुन्हा तपकिरी. त्याच्या पुढच्या रविवारी लाल आणि गडद हिरवा ठेवला. आठ वेळा मागितला असेल, चार वेळा चुकला — म्हणजे अंदाजाने देत होता. शाळेत हा कसा सुटला? सुटतात म्हणे. आकाश निळं, पान हिरवं, हे पाठ असतं. त्यालाही ठाऊक नव्हतं. जगात ही गोष्ट एकट्या मला माहीत होती.

मला वाईट वाटलं, असं लिहायला आवडलं असतं. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

त्या वर्षी धुळ्याला या खेळाचे शौकीन जमणार होते. नाशिकचे काही, धुळ्याचे चार-पाच, आम्ही दोघं. एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, जेवायच्या टेबलांवर रणांगणं मांडलेली. सगळ्यात छान रंगवलेल्या सैन्याला चषक होता. परीक्षक नाशिकचे एक दातांचे डॉक्टर, भिंग घेऊन आलेले. भूषणच्या राक्षसांवर ते बराच वेळ वाकले. भूषण तेव्हा खाली चहा घ्यायला गेला होता. डॉक्टर मला म्हणाले, "हात या पोराचा सगळ्यांत चांगला आहे. पण हे अर्धे असे का? त्याला रंग नीट दिसतात ना?"

बघा, विचारलं होतं. एका परक्या माणसाने पाच मिनिटांत ओळखलं होतं. मी हसलो आणि म्हणालो, "मुद्दाम केलंय सर त्याने. दोन टोळ्या आहेत." डॉक्टर म्हणाले, मग ते काही जमलं नाही, आणि पुढे सरकले. चषक मला मिळाला. येताना एसटीत भूषणने विचारलं, माझं काय चुकलं असेल रे? मी म्हणालो, सफाई थोडी कमी पडली म्हणाले. सफाई! त्याची! तो मान हलवून म्हणाला, बरोबर आहे, घाई झाली. पारोळा येईपर्यंत तो चषक त्याच्याच मांडीवर होता. हौसेने धरून बसला होता माझ्यासाठी.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा एक हलकटपणा म्हणून सोडून देता आला असता. चषक काय, पितळेचा मुलामा होता, तो निघालासुद्धा. पण भूषण कशाचा अभ्यास करत होता, हे मी अजून सांगितलं नाही. सांगायचं टाळत होतो, तुमच्या लक्षात आलं असेल.

त्याला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. असिस्टंट लोको पायलट. दुसरं काही नाही, हेच. भुसावळला मामेभावाकडे राहिला होता लहानपणी, तेव्हापासून. मला म्हणायचा, "डोळे एकदम फर्स्ट क्लास लागतात त्याला, आपल्याला तर चष्माबी नाही." हे तो माझ्या खोलीत, हातात ब्रश धरून म्हणायचा. सिग्नल लाल आणि हिरवे असतात. मी समोर बसलेलो असायचो.

तीन वर्षं. त्या तीन वर्षांत रंगाची अट नसलेल्या कितीतरी जागा निघाल्या. त्याने एकही फॉर्म भरला नाही, कारण लक्ष विचलित होतं म्हणे. मी एक वाक्य बोलायचं होतं — भूषण, एकदा डोळे तपासून घे. बास. कारणही सांगायची गरज नव्हती. का नाही बोललो? सुरुवातीला मत्सर होता, ते सांगितलं. पण धुळ्यानंतर मत्सरही उरला नव्हता. नंतर फक्त भीती होती. आता सांगितलं तर तो विचारेल, तुला कधीपासून माहीत? जितके दिवस गेले तितकं ते उत्तर वाईट होत गेलं. माझी अब्रू वाचवायला मी त्याचे दिवस जाऊ दिले. त्याचं वय जाऊ दिलं.

तो पास झाला. दोन्ही परीक्षा. एरंडोलला चौकात त्याचा फोटो असलेला फ्लेक्स लागला, खाली मित्रमंडळाची नावं, त्यात माझंही. मग कागदपत्रं जमवायची वेळ आली. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. भूषण म्हणाला, जळगावलाच घेऊ, तू चल सोबत. आणि मी गेलो. माझ्याच गाडीवर त्याला बसवून घेऊन गेलो. मागे बसून तो बोलत होता — ट्रेनिंग कुठे लागेल, पहिल्या पगारातून माझ्यासाठी कोणता ड्रॅगन मागवायचा. मी पुढे बघून गाडी चालवत होतो.

डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली. सगळी वाचली. मग त्यांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं. ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो. मी मागे स्टुलावर होतो, मला तिथूनही दिसत होता — पंचेचाळीस. भूषण पुस्तकात बघत राहिला. मग डॉक्टरांकडे बघून हसला आणि म्हणाला, "यात काय वाचायचं आहे, सर?"

डॉक्टरांनी पानं उलटली. कुठे त्याने भलताच आकडा सांगितला, कुठे त्याला काहीच दिसलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, हे जन्मापासून असतं, औषध नाही, आणि असा दाखला मी देऊ शकत नाही. भूषण माझ्याकडे वळला. मी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "म्हणजे काय, डॉक्टर?" अगदी नवल वाटल्यासारखं. मला इतकं चांगलं नाटक येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर आणखी दोन डॉक्टर झाले. तेच सांगितलं. पुढची भरती निघेपर्यंत त्याचं बाकीच्या जागांचंही वय उलटलं. आता तो जामनेरला मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात आहे. राक्षस त्याने एका खोक्यात घालून मला आणून दिले. म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं, तुझ्याकडे राहू दे. पण ते सगळं नंतरचं.

पहिल्या डॉक्टरांकडून निघालो त्या संध्याकाळी मी त्याला एरंडोलला घरी सोडायला गेलो. एकट्याने एसटीने जाईल अशी त्याची अवस्था नव्हती. त्याने ओट्यावर बसूनच आईला सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. रंग दिसत नाहीत म्हणजे? मला तर तू आंधळा दिसत नाहीस, म्हणाली. त्याने पुन्हा समजावलं. मग ती उठली. आत जाऊन चहा घेऊन आली, मला कप दिला आणि माझ्यासमोर खाली बसली.

"नितीन," ती म्हणाली, "तुम्ही दोन्ही बठ्ठा रविवार संगे रंगाडेत ना? तुले कधी ध्यानमा उनं नही का रे?"

तिने आरोप केला नव्हता. सगळे रविवार सोबत रंगवूनही माझ्या ध्यानात कसं आलं नाही, एवढंच विचारलं होतं, जसं डॉक्टरांना विचारतात. मी तोंड उघडलं. देवाशपथ, त्या क्षणी मी सांगणार होतो की नाही, हे मला आजही माहीत नाही. कारण माझ्या आधी भूषण बोलला.

"त्याले कसं समजी, माय? त्याले माहीत ऱ्हातं तं त्यानी मले सांगं नसतं का?"

मी कप खाली ठेवला. दोघं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही हो माय, माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

माय उठली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "तू बी काय करशी, बेटा. जेवीसनच जाय." तिने कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी टाकली, वांग्याचं भरीत केलं. भूषणला घास गेला नाही, तो भिंतीला टेकून बसून राहिला.

मी जेवलो. तिने वाढलेलं सगळं जेवलो.