सलग सेवा

समोर माणूस येऊन बसला की ती आधी मनगटावरचं घड्याळ काढायची, खणात ठेवायची, खण लावायची आणि म्हणायची, "हां, बोला. घाई नाही, ला."

हे 'ला' सिंगापूरचं. वडील तरुणपणी मालवणहून इथल्या गोदीत आलेले, ती इथेच जन्मलेली. मराठी तिला घरात मिळाली तेवढीच, त्यामुळे तिच्या तोंडी कर्ज 'मोठी' असायची आणि गर्दी 'मोठा'.

नव्वदच्या दशकात गरिबांना वकील देणाऱ्या एका सरकारी कचेरीत ती वकील होती आणि मी दुभाषी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. म्हणून स्पष्टच सांगते, शिकलेली माणसं मी खूप पाहिली, पण अशिलाचं बोलणं मध्येच न तोडणारी ही एकच. तुम्ही पाहिली असेल एखादी, तर तुम्ही भाग्यवान.

एकदा गोदीतले एक काका आले. कामावर हात मोडलेला, भरपाईचा दावा लावायचा होता. मी जरा बाहेर गेले, तेवढ्यात तिने आपल्या मराठीत सांगून टाकलं, "काका, तुम्हाला माफी मिळाली." म्हणजे कचेरीची फी माफ. काका ताडकन उभे. मोडला माझा हात, आणि माफी मलाच? मी आत आले तर हे लाल आणि ती पांढरीफटक. उलगडा झाल्यावर काका पोट धरून हसले.

ते गेल्यावर तिने मला विचारलं, याला मराठीत दुसरा शब्द नाही का? मी म्हटलं, फी असो, कर्ज असो, माफच होतं.

"मग माझी पण माफीच," ती म्हणाली. "मी काय गुन्हा केला, ताई?"

तेव्हा कळलं. विलायतेत वकिली शिकायला तिने एका विश्वस्त निधीकडून कर्ज घेतलं होतं. ठरलेली वर्षं गरिबांसाठी सरकारी नोकरी केली की उरलेलं सगळं माफ. अट एकच, सेवा सलग हवी. खंड पडला की पुन्हा पहिल्या वर्षापासून. तिची वर्षं भरत आली होती.

आणि नेमका त्याच सुमारास वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई नव्हती, भाऊबहीण नाही. तिने बिनपगारी रजा घेतली आणि नोव्हेना भागातल्या रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसून राहिली. मी डबा घेऊन जायचे. डबा वडिलांसाठी, असं ती म्हणायची आणि त्यांना भरवून उरलेलं उभ्यानेच खायची.

वडील काठी धरून चालायला लागले, ती कामावर परतली. आता प्रश्न असा की ही रजा म्हणजे खंड का? तिने निधीला विचारलं आणि आठवडे गेले, उत्तर नाही. पहिल्यापासून मोजायचं म्हटलं तर त्या पगारात हप्ते आणि वडिलांचे उपचार दोन्ही बसत नव्हते. तांजोंग पगार नावाच्या भागातल्या एका मोठ्या वकिली फर्मने तिला बोलावलं होतं, दुप्पट पगारावर. निधीचा नकार आला तर जावंच लागणार होतं.

"वाईट काय त्यात?" मी म्हटलं. "सुखात राहशील."

"राहीन की. पण तिकडे काका येणार नाहीत, ताई."

दुसऱ्यांच्या करारातलं कलम न् कलम ती फोडून दाखवायची. स्वतःच्या करारातल्या त्या एका शब्दापाशी मात्र तिची अक्कल चालत नसे. रजेत नोकरी सुटते का? नाही. मग सलग का नाही? असं ती मलाच विचारायची, जसं काही निधी मी चालवते.

एका दुपारी फोन आला. ती नुसती "येस, येस" करत होती. मी दारात उभी. फोन ठेवून तिने दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले.

"सलग धरली," ती म्हणाली. मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या आजीबाईंना आत बोलावून त्यांचं प्रकरण पुरं ऐकलं. मला वाटतं, त्या दिवशी तिला एक अक्षर कळलं नसावं. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना परत बोलावलं.

संध्याकाळी आम्ही दोघी बसने निघालो. दोन थांबे गेले नाहीत तोच ती माझ्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. तिचा थांबा गेला, माझाही गेला. मी उठवलं नाही. बस शेवटच्या थांब्यावर, पुंगोलला पोचली. तिथे तेव्हा आजच्याएवढी वस्ती नव्हती. रस्ता समुद्राशी संपायचा आणि बसही तिथेच. सगळे उतरले. म्हातारा चिनी ड्रायव्हर मागे वळून काही बोलणार, एवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि वर्तमानपत्र उघडलं.